खेड्यातल्या फायबरवर आयपीव्ही6: 340 घरांपर्यंत पोहोचवायचं कसं?

घाटंजी_फायबर

नमस्कार मंडळी,

घाटंजी तालुक्यातल्या सहा गावांत मिळून 340 फायबर जोडण्या आहेत. फ्रँचायझी मोठ्या आयएसपीची (इंटरनेट कंपनीची; खाली "वरचे" म्हणतो ते हेच), स्वतःचा एएस नंबर (स्वतंत्र नेटवर्क म्हणून इंटरनेटवरची ओळख) नाही. हेडएंडला (आमच्या मुख्य केंद्रावर) मायक्रोटिकचा सीसीआर हा मोठा राउटर, त्यावर राउटरओएस 7. पीपीपीओई (घराची लॉगइन करून होणारी जोडणी) तिथंच संपतं, लॉगइन मात्र वरच्यांच्या रेडियस सर्व्हरवर तपासलं जातं. खाली दोन जीपॉन ओएलटी (फायबर घरोघर वाटणाऱ्या पेट्या). घरातले ओएनयू (फायबर जिथं लागतं त्या पेट्या) चार तऱ्हेचे. काही राउटर मोडमध्ये, काही ब्रिज करून, म्हणजे नुसते आरपार ठेवून, मागे गिऱ्हाइकाचा स्वतःचा राउटर.

सार्वजनिक आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचे इंटरनेट) पत्ते फक्त 8, बाकी सगळं 100.64 च्या आतल्या पत्त्यांच्या पूलवरून नॅट (अनेक घरं एका पत्त्यामागे). म्हणजे एका पत्त्यामागे 42-43 घरं. एखाद्या घरातला टीव्ही बॉक्स व्हायरसने भरला की तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि उरलेल्या घरांत साइटी कॅप्चावर कॅप्चा विचारत बसतात. आपले सरकार केंद्रात फॉर्म भरणाऱ्यांची रांग त्यातच अडकते. शेतातल्या गोदामावर कॅमेरे लावणारे स्टॅटिक आयपी मागतात, तो द्यायला शिल्लक नाही.

आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी, भरपूर पत्त्यांची पद्धत) सुरू करायचं नक्की आहे. विचारायचं एवढंच:

ओएलटी बदलावे लागतील का? वरच्यांकडे किती मोठा ब्लॉक मागायचा? आणि खरा प्रश्न असा, की गिऱ्हाईक हे मागतच नाही. त्याला नेट चालू असलं की झालं. उलट जोडणी करणारी पोरं "नेट फास्ट होते" म्हणून राउटरमधलं आयपीव्ही6 बंद करून येतात. ही गाडी पुढं ढकलायची कशी?

---

वऱ्हाडी_राउटिंग

भाऊ, ओएलटीला हात लावायचं काम नाही. पीपीपीओईत ओएलटीला फक्त 8864 इथरटाइपची (पीपीपीओईचा शिक्का असलेली) फ्रेम दिसते. आत आयपीव्ही4 आहे की आयपीव्ही6, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ओएलटी आडवा येतो तो पीपीपीओईशिवाय, थेट डीएचसीपीवर (लॉगइनशिवाय आपोआप पत्ता वाटण्यावर) घरं चालवली तर. तिथं नेबर डिस्कव्हरीचं (शेजारचं उपकरण शोधण्याचं) मल्टिकास्ट गिळून टाकणारी जुनी फर्मवेअर भेटतात. घराला पत्ता मिळतो, पण गेटवे सापडत नाही. तुमच्याकडे ती भानगडच नाही.

आता ब्लॉक. इथं चूक झाली तर पुढं सगळ्या घरांना पुन्हा नवे पत्ते देत बसावं लागतं, म्हणून नीट सांगतो. तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान, तितका पत्त्यांचा ब्लॉक मोठा. प्रत्येक घराला /56 द्या. त्यात 256 नेटवर्क बसतात, प्रत्येक /64 चं. घराला एकच /64 दिलं तर पाहुण्यांचं वायफाय किंवा कॅमेऱ्यांचं वेगळं नेटवर्क करता येत नाही, कारण फोन स्वतःचा पत्ता स्वतः बनवतो त्या पद्धतीला पूर्ण /64 लागतं. बरेच जण वरच्यांकडे /48 मागतात. /48 मध्ये /56 बसतात 256, आणि तुमची घरं 340. हिशेब तिथंच चुकतो. गणिताने /47 पुरतं, पण मागा /44: त्यात 4096 घरं मावतात, आणि सीमा चारच्या पटीत असल्यामुळे पत्ता वाचताना आणि रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) लिहिताना डोकं खाजवावं लागत नाही. शिवाय एक वेगळं /48 मागा, घरांच्या वॅन (बाहेरच्या, इंटरनेटकडच्या) बाजूच्या /64 साठी आणि तुमच्या स्वतःच्या उपकरणांसाठी.

"एवढं मोठं कशाला" म्हणून वरचे कुरकुरले तर मोजून दाखवा. आयएसपीला किमान /32 मिळतं, त्यात /44 असतात 4096. त्यांच्या ताटातली ही एक शेंगदाण्याएवढी वाटणी आहे. आयपीव्ही4 मध्ये उलट: जागतिक साठा 3 फेब्रुवारी 2011 ला संपला, एपनिक (आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणारी संस्था) 15 एप्रिल 2011 ला शेवटच्या /8 वर आलं, आणि 2019 पासून नव्या सदस्याला जास्तीत जास्त /23, म्हणजे 512 पत्ते. काटकसर तिकडे करायची, इकडे नाही.

सीसीआरवर काम असं:

आयपीव्ही6 च्या पूलमध्ये दोन पूल बनवा. एक /44 चा, प्रीफिक्स लेंग्थ (पत्त्याच्या सुरुवातीच्या ठरलेल्या भागाची लांबी) 56. दुसरा त्या /48 मधल्या एका तुकड्याचा, लेंग्थ 64. मग पीपीपी प्रोफाइल उघडा. "रिमोट आयपीव्ही6 प्रीफिक्स पूल" ला 64 वाला, "डीएचसीपीव्ही6 पीडी पूल" (पीडी म्हणजे प्रीफिक्स डेलिगेशन, घराला अख्खा ब्लॉक देणं) ला 56 वाला. प्रोटोकॉल्सच्या टॅबमध्ये "यूज आयपीव्ही6" ला होय. डीएचसीपीव्ही6 सर्व्हर हाताने बनवू नका, प्रत्येक सेशनबरोबर तो आपोआप उभा राहतो. एकाच चाचणी लॉगइनला हे नवं प्रोफाइल लावून पाहा, लगेच 340 ला नको.

वरचे त्यांच्या राउटरवर /44 चा रूट तुमच्याकडे टाकतील. तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या सीसीआरवर त्याच /44 ला एक ब्लॅकहोल रूट (तिथं आलेलं पाकीट टाकून द्या, असा नियम) घाला. नाही घातला तर न वाटलेल्या पत्त्याकडे आलेलं पाकीट तुम्ही डिफॉल्ट रूटने परत वर पाठवता, ते वरचे पुन्हा खाली पाठवतात, आणि हॉप संपेपर्यंत त्याच लिंकवर चेंडू टोलवत राहतो. बाहेरून कुणी पत्ते स्कॅन करायला लागला की अपलिंक विनाकारण भरते. एका ओळीचं काम आहे, पण बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं.

आता आपल्या भागातली खास अडचण: लाइन, म्हणजे वीज. ओएलटीच्या पेटीची बॅटरी बसली, पण गिऱ्हाइकाच्या घरी इन्व्हर्टर चालू आहे, असं रोज घडतं. पीपीपीओई तुटतं आणि पुन्हा जोडताना पूलमधून नवाच /56 मिळतो. घरातला राउटर, लॅपटॉप, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) बंद झालेलेच नसतात. त्यांच्याकडे जुना पत्ता शाबूत असतो. नियमाप्रमाणे राउटरने जुना प्रीफिक्स रद्द झाल्याचं घरात जाहीर करायला हवं, स्वस्त राउटर ते करत नाहीत. जाहिरातीची मूळ मुदत प्राधान्यासाठी 7 दिवस आणि वैधतेसाठी 30 दिवस असते, म्हणून उपकरण मेलेला पत्ता वापरत राहतं. गिऱ्हाईक फोन करून सांगतं, "काही साइटी उघडतात, काही नाही." मग पोरगं जातं आणि आयपीव्ही6 बंद करून येतं. तुमच्या पोरांच्या त्या सवयीचं मूळ बहुधा इथंच आहे, त्यांना रागावण्याआधी हे दुरुस्त करा.

उपाय एकच: प्रत्येक लॉगइनला कायमचा /56. रेडियसमध्ये "डेलिगेटेड आयपीव्ही6 प्रीफिक्स" नावाचा गुणधर्म असतो, तो प्रत्येक लॉगइनसमोर भरून घ्यायचा. वॅनसाठी "फ्रेम्ड आयपीव्ही6 प्रीफिक्स". रेडियस वरच्यांचं आहे, म्हणून /44 मागतानाच हीही मागणी लेखी करा. याचा दुसरा फायदा नोंदींचा. नॅटमध्ये कुठल्या सेकंदाला कुठला पोर्ट कुणाकडे होता, हे सगळं साठवावं लागतं. इथं प्रीफिक्स म्हणजेच घर.

आणि आज रात्रीच करायचं काम: सीसीआरचा आयपीव्ही6 फायरवॉल उघडून पाहा. आयपीव्ही4 चे फिल्टर नियम आयपीव्ही6 ला लागू होत नाहीत, तो टेबल वेगळा आहे. हेडएंडचे राउटर बहुतेक वेळा "नो डिफॉल्ट कॉन्फिगरेशन" ने सेट केलेले असतात, म्हणून तो टेबल रिकामा असतो. पत्ता मिळाल्या क्षणी विनबॉक्सचा (राउटर चालवायच्या ॲपचा) 8291, एसएसएचचा 22 आणि डीएनएसचा 53 जगाला उघडे. इनपुट चेनमध्ये आधी चालू जोडण्या, मग आयसीएमपीव्ही6 (नेटवर्कचे स्वतःचे निरोप), मग गिऱ्हाइकांच्या बाजूकडून यूडीपी 547 (डीएचसीपीव्ही6 साठी), मग तुमचा मॅनेजमेंट प्रीफिक्स, बाकी ड्रॉप. आयसीएमपीव्ही6 सरसकट बंद करू नका; आयपीव्ही4 मध्ये पिंग बंद करायची सवय इथं नेटच बंद करते.

---

पुसद_ओएनयू

वरचं सगळं बरोबर. पण राजेहो, गाडी अडते ती घरात. हेडएंडचं काम एका रात्रीचं, घरांचं काम वर्षभराचं.

राउटर मोडमधल्या ओएनयूच्या वॅन पानावर "आयपी मोड" असतो आणि तो "आयपीव्ही4" वर ठेवलेला असतो. तो "आयपीव्ही4/आयपीव्ही6" करायचा, खाली "प्रीफिक्स डेलिगेशन" ला टिक. ब्रिजमागच्या राउटरमध्ये जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडून "आयपीव्ही4 चंच सेशन वापरा" अशा अर्थाचा पर्याय घ्या. वेगळं सेशन निवडलं तर एकाच लॉगइनवर दोन सेशन होतात आणि रेडियस दुसरं नाकारतं.

घरातल्या बाजूला सगळ्यात जास्त होणारी चूक: लॅनमध्ये "डीएचसीपीव्ही6" निवडणं. नाव ओळखीचं, म्हणून पोरं तेच निवडतात. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही6 ने पत्ता घेतच नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर चालतं, घरातल्या पाच फोनांवर नाही, असं लक्षण दिसलं की दुसरं काही तपासू नका. "स्लॅक" (फोन स्वतःचा पत्ता स्वतः बनवतो ती पद्धत) निवडा, त्यासोबत "आरडीएनएसएस" (डीएनएस सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय) असेल तर उत्तम.

दुसरं दुखणं आकाराचं. पीपीपीओईत एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) 1492 बाइट. आयपीव्ही6 मध्ये वाटेतला राउटर पाकिटाचे तुकडे करत नाही. तो "पाकीट मोठं आहे" असा आयसीएमपीव्ही6 चा निरोप उलट पाठवतो. तो निरोप कुणी अडवला की पान उघडायला लागतं आणि अर्ध्यावर लटकतं. म्हणून सीसीआरवर आयपीव्ही6 च्या मँगलमध्ये (पाकिटं बदलायच्या नियमांत) टीसीपी एमएसएस (पाकिटातल्या मजकुराचा कमाल आकार) 1432 करा. आयपीव्ही4 मध्ये तो आकडा 1452 असतो. हेडर 20 बाइटने मोठा आहे, म्हणून 20 ने कमी. तपासायला विंडोजवरून 2001:4860:4860::8888 (गूगलचा डीएनएस) ला पिंग करा, आधी 1232 बाइटचं, मग 1444 चं. पहिलं परत आलं आणि दुसरं नाही, तर वाटेत कुठंतरी मोठी पाकिटं मरून राहिली आहेत. 1232 म्हणजे 1280 मधून हेडरचे 48 वजा, आणि 1280 हा आयपीव्ही6 चा किमान एमटीयू. तेही परत आलं नाही तर दोष आकाराचा नाही, रूटचा किंवा फायरवॉलचा.

"आयपीव्ही6 बंद केलं की नेट फास्ट होते" या समजुतीत तथ्याचा एक कण आहे, तो पोरांना समजावून सांगा. ब्राउझर आधी आयपीव्ही6 ने जायला पाहतो आणि साधारण 250 मिलिसेकंदांत जुळलं नाही तर आयपीव्ही4 ने निघतो. आयपीव्ही6 मोडकं असेल तर नेट बंद पडत नाही, प्रत्येक पान किंचित अडखळतं. कुणी तक्रारही करत नाही. त्यामुळे जोडणी करून निघण्याआधी पिंगची तपासणी फोनवरून झालीच पाहिजे, आणि ती ओळ इन्स्टॉलेशनच्या पावतीवर छापून घ्या.

जुनी घरं एकदम बदलायला जाऊ नका. मृगाच्या पावसात विजेने ओएनयू जळतात, तेव्हा बदलून द्यावेच लागतात. त्या वेळी कपाटातला जुना जुगाडू तुकडा लावू नका. आधीच दोन्ही आयपी चालू करून ठेवलेले दहा-पंधरा ओएनयू पेटीत तयार ठेवा. दोन पावसाळ्यांत बरीच गावं आपोआप वळतात.

---

घाटंजी_फायबर

दोघांचेही आभार. चाचणी लॉगइनवर /56 उतरला आणि फोनला पत्ता मिळाला. 1444 परत येत नव्हतं. ओएलटी आणि सीसीआरच्या मधल्या स्विचचा एमटीयू 1500 वर होता, वर दोन व्हीलॅन टॅग (नेटवर्क वेगळं ओळखायच्या चिठ्ठ्या). तो 1600 केला, आता येतं.

कॅमेरावाल्यांचं सांगा. त्यांना "आता स्टॅटिक आयपीची गरज नाही" असं म्हणता येईल का?

---

वरूड_सीसीटीव्ही

म्हणता येईल, आणि गावात आयपीव्ही6 पसरवायला याच्यासारखा रस्ता दुसरा नाही. पत्त्यांची टंचाई, नवं मानक वगैरे सांगून कुणी हलत नाही. "संत्र्याच्या बागेतला कॅमेरा फोनवर थेट दिसेल, दर महिन्याला वेगळे पैसे नाही" हे सांगा. संत्रा तोडणीला आला की माणूस रात्री चार वेळा कॅमेरा उघडून पाहतो, त्याला हे लगेच कळतं.

हे जमतं कारण दुसरं टोक आधीच तयार आहे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं तेच आयपीव्ही6 वर, आणि त्यामुळे भारतातला मोबाइलचा मोठा हिस्सा आज आयपीव्ही6 वापरतो. खेड्यातल्या माणसाच्या खिशात ते आहे, घरच्या फायबरवर नाही. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. अपूर्णविरामांनी तोडलेला लांबलचक पत्ता दिसला की काम होईल. तो नसेल तर त्या सिमवरून कॅमेरा दिसणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

पण डीव्हीआर उघडा टाकू नका. हे कळकळीने सांगून राहिलो. नॅटच्या मागे असल्यामुळे आजवर चुकून वाचलेले डीव्हीआर गावोगाव आहेत, फॅक्टरीचा पासवर्ड, दहा वर्षांची फर्मवेअर. /64 मध्ये इतके पत्ते असतात की सरसकट स्कॅन करून सापडणं अवघड, हे खरं. पण पत्ता लॉगमधून, ॲपमधून बाहेर फुटतोच. लपलेलं म्हणजे कुलूप लावलेलं नव्हे.

म्हणून पद्धत अशी. घरच्या राउटरचा आयपीव्ही6 फायरवॉल चालूच राहू द्या: आतून सुरू झालेल्या जोडण्यांना परत येऊ द्यायचं, बाहेरून नवी जोडणी नाही. स्वस्त ओएनयूमध्ये कधी कधी आयपीव्ही6 असतं आणि फायरवॉल नसतो. मोबाइल डेटावरून घरच्या लॅपटॉपला पिंग करा आणि कुठला तरी उघडा पोर्ट गाठून पाहा. पोर्ट मिळाला तर तो ओएनयू ब्रिज करा आणि मागे चांगला राउटर लावा. त्या राउटरवर वायरगार्ड (घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा) बसवा. राउटरओएस 7 मध्ये ते आत आहेच, साध्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत प्रणाली) चढत असेल तर तिथंही. बाहेरून फक्त यूडीपी 51820 उघडा. फोनमधल्या वायरगार्ड ॲपला राउटरचा आयपीव्ही6 पत्ता द्या, आणि "अलाउड आयपीज" मध्ये फक्त कॅमेऱ्याच्या नेटवर्कचा पत्ता, म्हणजे बाकीचा डेटा घरून फिरून जाणार नाही. डीव्हीआर स्वतः जुना असून आयपीव्ही4 च समजत असेल तरी चालतं: बोगदा आयपीव्ही6 चा, आत 192.168 चा कॅमेरा.

हे टिकतं ते प्रीफिक्स कायमचा असला तरच. रोज बदलणाऱ्या /56 वर हे विकू नका, पहिल्याच भारनियमनात फोन येईल.

बागेत फायबर नसून 4जी सिमचा राउटर असेल तर गोष्ट वेगळी. मोबाइलवर एका सिमला एकच /64 मिळतं, आणि बाहेरून येणारी जोडणी नेटवर्क स्वतः अडवू शकतं. तिथं उलटं करा: बागेतल्या राउटरनेच घरच्या फायबरकडे वायरगार्डची जोडणी उघडायची, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा निरोप) 25 सेकंद.

---

वऱ्हाडी_राउटिंग

एमटीयूचं छान सापडलं. दोन टॅगचे 8 बाइट असतात, पण काही स्विच ते एमटीयूत मोजतात. 1600 सगळीकडे ठेवा.

पसरवण्याबद्दल दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, मोजमाप. सीसीआरच्या अपलिंकवर आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 ची ट्रॅफिक वेगळी मोजा, दर आठवड्याला आलेख ठेवा. यूट्यूब, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, नेटफ्लिक्स सगळे आयपीव्ही6 वर आहेत, म्हणून घरं वळली की संध्याकाळचा मोठा भार नॅटवरून उतरतो. सीसीआरचा सीपीयू खाली येतो तो आलेख वरच्या आयएसपीला पाठवा. त्यांच्या बाकीच्या फ्रँचायझींना हलवायला तुमच्या शब्दापेक्षा तो आलेख जास्त कामाचा. एपनिक प्रत्येक एएस नंबरचं आयपीव्ही6 चं प्रमाण उघड प्रसिद्ध करतं, त्यात त्यांचा आकडा कुठं आहे तेही दाखवा.

दुसरं, खरेदी. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था राउटर घेतात तेव्हा कोटेशनमध्ये "आयपीव्ही6 सपोर्ट" एवढंच लिहू नका, त्या दोन शब्दांत काहीही खपतं. लिहा: पीपीपीओईवर ड्युअल स्टॅक (दोन्ही आयपी), डीएचसीपीव्ही6 प्रीफिक्स डेलिगेशन, लॅनमध्ये स्लॅक आणि आरडीएनएसएस, आयपीव्ही6 स्टेटफुल फायरवॉल मूळ स्थितीत चालू.

---

यवतमाळ_होस्टिंग

साइटवाल्यांसाठी थोडक्यात. पतसंस्थेची किंवा कॉलेजची वेबसाइट आपल्याच व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) असेल तर आधी वेब सर्व्हर आयपीव्ही6 वर ऐकायला लावा, बाहेरून मोबाइल डेटावर तपासा, आणि त्यानंतरच डीएनएसमध्ये क्वाड-ए रेकॉर्ड (साइटच्या नावासमोर आयपीव्ही6 पत्त्याची नोंद) घाला. क्रम उलटा झाला तर आयपीव्ही6 वाल्या प्रत्येक फोनवर साइट अडखळते आणि साइटमालकाला त्याच्या आयपीव्ही4 च्या ऑफिसात काहीच दिसत नाही. टीटीएल (ही नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ते) आधी 300 सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे चुकलं तर पाच मिनिटांत मागे घेता येतं. सर्टिफिकेटचं नूतनीकरणही आयपीव्ही6 वरून होतं का पाहा. फायरवॉलमध्ये 80 फक्त आयपीव्ही4 ला उघडा असेल तर गडबड महिनोन्‌महिने लपून राहते. मेल सर्व्हरला मात्र रिव्हर्स डीएनएस नीट लागल्याशिवाय आयपीव्ही6 ने मेल पाठवू देऊ नका, जीमेल नाकारतं.

---

घाटंजी_फायबर

वरच्यांनी /44 आणि /48 दोन्ही मान्य केले. रेडियसमध्ये कायमचा प्रीफिक्स देतो म्हणाले, पण सगळे 340 लॉगइन एक्सेलमध्ये भरून मागितले आहेत. /56 वाटताना गावांप्रमाणे तुकडे पाडू की सरळ ओळीने?

---

वऱ्हाडी_राउटिंग

गावांप्रमाणे. /44 मध्ये /48 असतात 16, एका गावाला एक /48, त्यात 256 घरं. सहा गावांना सहा, दहा शिल्लक. कुठल्या गावात 200 च्या वर घरं जात असतील तर त्याला लागून असलेला पुढचा /48 मोकळा ठेवा. उद्या एखाद्या गावाला वेगळा राउटर बसला तर एकच रूट हलवावा लागेल, एक्सेलला हात लागणार नाही. प्रत्येक गावातला पहिला /56 कुणालाच देऊ नका, चाचणीसाठी ठेवा.